पडीक शेताचं पुन्हा माळरान करायचं तर आधी बांधावर बसा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ वडिलोपार्जित सहा एकर आहे. त्यातले चार एकर मुरमाड बरड. आजोबा तिथं बाजरी, मटकी, हुलगा करायचे. आता आठ वर्षं पड आहे. खालच्या दोन एकरांत वडिलांनी बोअर घेऊन ठिबकवर कांदा केला, तोही तीन वर्षांपूर्वी थांबला. जमीन विकायची नाही, कसायला कोणी नाही, आणि लहानपणी पाहिलेला फुलांचा, चंडोलांचा माळ तिथं परत यावा असं तुम्हाला वाटतं. त्यासाठी मे महिन्यात ट्रॅक्टरनं सगळं नांगरून घ्यायचं, ऑनलाइन मिळणारं गवत आणि रानफुलांचं मिश्र बी टाकायचं, पाचशे झाडं लावायची आणि मेंढ्या येऊ नयेत म्हणून तारेचं कुंपण घालायचं, असा बेत आहे. बी कोणतं, वर्षं किती आणि खर्च किती, हे विचारलंय.

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. बेतातल्या चारही गोष्टी सध्या थांबवा. पैसे वाया जातील हे एक. दुसरं म्हणजे यातल्या निदान दोन गोष्टींनी आज आहे तेही जाईल.

तुम्ही प्रश्न बियाण्याचा म्हणून मांडलाय. मी पुरंदर, बारामती, दौंड या पट्ट्यात अठरा-एकोणीस वर्षं हेच काम करतोय, आणि माझ्या मते तुमच्यापुढं खरे प्रश्न तीन आहेत. नांगरानं काय गेलं, खतानं मागं काय ठेवलं, आणि पुढची दहा वर्षं तिथं विळा कोण चालवणार. बियाण्याचा नंबर यानंतर लागतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पहिल्या दोघांवर पैसा घालू नका, असं मी लोकांना तोंडावर सांगतो.

आधी नांगराचं. आपल्याकडच्या न मोडलेल्या माळावर जी गवतं असतात ती बहुतेक बहुवर्षायू, ठोंबानं वाढणारी. पवना (काही गावांत शेडा म्हणतात), मारवेल, डोंगरी गवत, कुसळी. त्यांच्यामधून कंदवाल्या वनस्पती असतात: कोळकांदा, मुसळी, खरपुडी. नांगराचा फाळ ठोंब उलटा करतो आणि कंद कापतो. या गवतांचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहत नाही. तणांचं मात्र राहतं. म्हणून शेत पड टाकलं की पहिल्यांदा एकदांडी, गाजर गवत, कुर्डू, आघाडा हीच मंडळी येतात. त्यामागून बुटकी एकहंगामी गवतं येतात, त्यातलं एक सहज ओळखता येतं: त्याच्या प्रत्येक दाण्याला तीन कुसळं फुटलेली असतात. हे गवत पाऊस संपला की वाळून जातं आणि जनावरं त्याला नीट तोंड लावत नाहीत. तुमच्या चार एकरांत आठ वर्षांनंतरही तेच भरलेलं असेल, तर जवळपास बी पुरवणारं जुनं रान नाही किंवा चराईनं ते वर येऊ दिलं जात नाही, एवढं समजायचं.

पण एक जागा नांगराखाली सहसा जात नाही. बांध.

मी कोणत्याही नव्या जमिनीवर गेलो की आधी बांधावर बसतो. जुन्या दगडी ताली, दोन वावरांमधला हातभर रुंद पट्टा, म्हसोबाच्या दगडाभोवतीची चार पावलं, ओढ्याच्या काठचा उतार. आजोबांच्या आधीपासून जो माळ होता त्याचे राहिलेले तुकडे इथं सापडतात. दसरा-दिवाळीच्या दरम्यान जा, तेव्हा कणसं आलेली असतात. मारवेल ओळखायची तर कणसाकडं नंतर बघा, आधी काडीचं पेर बघा: पेराभोवती पांढऱ्या केसांचं बारीक कडं असतं, नखानं खरवडता येतं. कणीस हाताच्या बोटांसारखं फाकलेलं. पवन्याला एकच सरळ, फिकट कणीस. कुसळीचं तर सांगायला नको, तुमचे मोजेच सांगतील. तिची काळसर कुसळं टोकाला एकमेकांत पीळ पडून गुंततात. एक दाणा तळहातावर घेऊन त्यावर थुंकीचा थेंब सोडा आणि बघत राहा. कुसळ हळूहळू उलगडत गोल फिरायला लागतं. ओल आली की फिरायचं, वाळलं की परत पीळ घ्यायचा, असं करत ते दाणा मातीत स्क्रूसारखा घुसवतं. मेंढीच्या कातडीतही घुसवतं, म्हणून धनगर मंडळी तिच्यावर खार खाऊन असतात.

तुमच्या बांधांवर पवना, मारवेल, डोंगरी यांपैकी दोन जरी सापडली तरी तुमचं निम्मं काम झालं, आणि बी विकत आणायची गरज नाही. काहीच नाही सापडलं तर दोन-तीन किलोमीटरच्या टप्प्यात कधीच न नांगरलेला एखादा उतार शोधावा लागेल. तुम्ही सुप्याच्या बाजूला आहात हे भाग्य आहे. मयुरेश्वर अभयारण्य त्याच पट्ट्यात आहे. १९९७ साली चिंकारांसाठी राखलेलं, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. तिथून बी आणायचं नाही, ते वनखात्याचं संरक्षित रान आहे. पण पर्यटकांसाठी ठेवलेल्या वाटेनं एकदा ऑक्टोबरात फिरून या, म्हणजे काय जुळवायचं आहे हे डोळ्यांत बसेल. बी मात्र खासगी माळावरून मालकाला विचारून, किंवा गायरानातून ग्रामपंचायतीला विचारून घ्या.

आता ट्रॅक्टरबद्दल. नांगरट का नको, हे मी स्वतः हात पोळून शिकलो. माझ्या पहिल्या मोठ्या कामात पाच एकर पड जमीन होती. मी ती नांगरली, रोटाव्हेटर फिरवला, छान गादीसारखी माती केली आणि अंजन गवताचं निवडक बी दाट पेरलं. पाऊस चांगला झाला. दुसऱ्या वर्षी गुडघाभर गवत, मालक खूश, फोटो झाले. आठ वर्षांनी मी तिथं एक मीटरची चौकट टाकून मोजलं तर अंजन सोडून चौकटीत चार जाती, त्यातली एक गाजर गवत. शेजारच्या न नांगरलेल्या टेकाडावर तेवढ्याच चौकटीत मला वीसच्या वर मिळत होत्या. मी माळ केलाच नव्हता. चाऱ्याचं शेत केलं होतं. नांगरटीनं उरलेसुरले ठोंब गेले, खालचं तणाचं बी वर आलं, आणि मी एकाच दमदार गवताला सगळी जागा देऊन टाकली. चूक अंजन गवताची नाही, ते आपल्याच कोरड्या मुलखातलं आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं आणि झाशीच्या गवत व चारा संशोधन संस्थेनं अशा गवतांचे जे वाण निवडले ते जास्त चारा मिळावा म्हणून, आणि त्या कामाला ते उत्तम आहेत. तुमचं काम वेगळं आहे, एवढंच.

ऑनलाइन मिश्र बियाण्याबद्दल एकच सांगतो. पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळ्याच्या शेवटी जो पिवळा-केशरी कॉसमॉस पसरलेला दिसतो आणि लोक ज्याच्यासोबत फोटो काढतात, तो मूळचा मेक्सिकोकडचा. बागेतून सुटला आणि टेकड्यांवर चढला. पाकिटावर कितीही सुंदर चित्र असलं तरी आत नेमकं काय आहे हे जातिनिहाय लिहिलेलं नसेल तर ते जमिनीत टाकू नका. स्टायलोही नको. तो नत्र धरणारा परदेशी चारा आहे, आणि तुम्हाला नत्र नकोच आहे.

का नको? हा मुद्दा सगळ्यात उलटा वाटणारा, आणि शेतकरी घरातल्या माणसाला गळी उतरवायला सगळ्यात अवघड. आपण पिढ्यान्‌पिढ्या जमिनीचा कस वाढवायला शिकलो. माळाला कस नको असतो. सकस जमिनीत दोन-तीन हावरी झाडं सगळ्यांच्या वर जातात, सावली करतात आणि बाकीच्यांना मारतात. हलक्या, उपाशी मुरमात कोणालाच तेवढं जोर करता येत नाही, म्हणून तिथं चाळीस जणांना थोडी थोडी जागा मिळते. विष्णुक्रांतेसारखी जमिनीलगतची निळी फुलं, खुळखुळ्याच्या लहान जाती, आभाळी, हे सगळं उपाशी जमिनीचं वैभव आहे.

म्हणून तुमचे चार एकर आणि दोन एकर या दोन वेगळ्या जमिनी समजा. चार एकरांत आजोबांनी शेणखतापलीकडं फार काही घातलं नसणार. ती जमीन तयारच आहे. कांद्याच्या दोन एकरांत मात्र कित्येक हंगामांचं डीएपी, युरिया, कोंबडखत गेलेलं. युरियातलं नत्र काही वर्षांत धुऊन, उडून जातं. स्फुरद (फॉस्फरस) तसं जात नाही, आपल्या चुनखडीच्या जमिनीत तर ते धरून बसतं. ते काढायचा एकच मार्ग मला माहीत आहे: काही न घालता पीक घ्यायचं आणि सगळंच्या सगळं कापून बाहेर न्यायचं. कडवळ (चाऱ्याची ज्वारी) दाट पेरून हिरवं कापायचं, दोन-तीन हंगाम. तरीही फरक सावकाश पडतो.

इथं मी तुम्हाला एक सल्ला देतो जो तुम्ही विचारलेला नाही. त्या दोन एकरांतलं माळाचं स्वप्न सोडा. तिथं मारवेल लावा, सरळ चारा म्हणून. पावसात ठोंब फोडून, तीन-चार फुटव्यांचा एकेक, हात-दीड हातावर. इथं राहुरीचे वाण खुशाल वापरा. या चाऱ्यावर तुम्हाला गावातला असा एक माणूस मिळेल, ज्याच्या दोन म्हशी आहेत आणि ज्याला तुमच्या जमिनीची काळजी घेण्यात स्वतःचा फायदा दिसतो. अर्ध्या वाट्यानं द्या, नाहीतर सगळाच द्या. वरच्या चार एकरांवर विळा चालवणारा माणूस तुम्हाला या दोन एकरांतून मिळणार आहे. तुम्ही पुण्यात राहता. माळ तुम्ही सांभाळणार नाही, तो सांभाळेल.

(कांद्याच्या रानातले ठिबकचे तुकडे आणि मल्चिंगचा फाटका कागद आधी गोळा करा. कंटाळवाणं काम आहे, पण तो कागद गुरांच्या पोटात जातो.)

आता चार एकरांत प्रत्यक्ष काय करायचं. यात पावसावर बरंच अवलंबून आहे. या पट्ट्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. मृगात दोन सरी देऊन आषाढभर गायब, आणि खरा पाऊस उत्तरा-हस्तात. त्यामुळं अमुक तारखेला अमुक करा, असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्यानं इथं काम केलेलं नाही.

पहिल्या पावसाळ्यात फक्त तण. गाजर गवत फुलायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून. त्याची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ पासून भारतात सोडलेला आहे आणि पावसाळ्यात आपल्याकडं दिसतो. पानांची जाळी झालेली दिसली तर ते झाड त्याच्यावर सोपवा, पण नुसतं त्याच्या भरवशावर राहू नका. वेडी बाभूळ उगवली असेल तर कोवळी असतानाच मुळासकट खणून काढा. नुसती छाटलीत तर ती दुप्पट फुटते. बाकीचं तण उपटत बसायची गरज नाही, बी धरायच्या आधी वीतभर उंचीवर कापून टाका.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला बी गोळा करा. पिकलेल्या बियाची परीक्षा सोपी: कणसावरून मूठ हलकेच ओढली की दाणे हातात यावेत. ओढावं लागलं तर कच्चं आहे. सगळी गवतं एकदम पिकत नाहीत, म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन फेऱ्या करा, आणि एका जागचं सगळं ओरबाडू नका. तिसरा हिस्सा घ्या, बाकीचं तिथं पडू द्या. गोणपाटाच्या पोत्यात, उंदरांपासून दूर, कोरडं ठेवा. ताज्या बियाची उगवण फारशी होत नाही, उन्हाळा खाल्ला की सुधारते. निसर्गातही ते तसंच उन्हाळाभर जमिनीवर पडून राहतं.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. जुन्या माळाचा एखादा तुकडा बी पिकलं असताना सकाळी दहिवर असतानाच विळ्यानं कापायचा आणि त्याच दिवशी बीसकट गवत आपल्या जमिनीवर पातळ पसरायचं. एका गुंठ्याचं गवत मी साधारण तीन गुंठ्यांवर पसरतो. यात गवताबरोबर जी बारीक फुलझाडं असतात त्यांचंही बी आपोआप येतं, जे हातानं गोळा करायला तुम्हाला जन्मात जमणार नाही. तोटा असा की पुढचे सात-आठ महिने मुंग्या आणि वाळवी त्यावर मेजवानी करतात. जाड थर दिला तर वाळवी हमखास. म्हणून मी अर्धं बी असं पसरतो आणि अर्धं पोत्यात राखतो.

पसरायच्या आधी जमीन फक्त खरवडायची. दाताळ्यानं, किंवा बाभळीची काटेरी फांदी दोरानं ओढून. सगळी चार एकरही नाही. उताराला आडवे असे पाच-सहा हात रुंदीचे पट्टे घ्या, मधे तेवढीच जागा सोडा. आठ वर्षांत जे आपोआप आलंय ते सोडलेल्या पट्ट्यांत शाबूत राहतं, आणि पुढं बी आपल्या पायानं चालत जातं. राखलेलं बी पावसाळ्यात दोन हप्त्यांत टाका: थोडं मृग-आर्द्रात जमीन चांगली भिजल्यावर, उरलेलं श्रावणात. पहिल्या हप्त्याचे कोंब उघडिपीत जळाले तरी दुसरा हात शिल्लक असतो. माती आणि शेणात कालवून टाकलं की वाऱ्यानं उडत नाही. स्वच्छ केलेलं बी एकरी दोन-तीन किलो पुष्कळ झालं. बी मातीखाली नखभरापेक्षा खोल जाता कामा नये. त्यासाठी सगळ्यात चांगलं यंत्र म्हणजे मेंढ्या: टाकल्यावर लगेच एक कळप तासभर त्यावरून फिरवा, खुरांनी बी दाबलं जातं. मग कळप बाहेर.

पहिली दोन वर्षं जमीन भयाण दिसते. शेजारी विचारतील, काय पेरलंय, तण? हसून सोडा. तिसऱ्या वर्षी ठोंब दिसायला लागतात.

इथपर्यंतचा हिशेब परत एकदा: नांगरायचं नाही, कांद्याच्या रानात मारवेल आणि एक वाटेकरी, वरच्या चार एकरांत पहिल्या पावसाळ्यात तण, दिवाळीला शेजारच्या माळाचं बी, पट्ट्यांनी खरवडून टाकणं. खर्च म्हणाल तर बहुतेक मजुरीचा. बियाण्याचा जवळपास शून्य.

यापुढचा भाग लोक विसरतात, आणि माळ तिथंच फसतो. कापणी. गवत उभं राहिलं की लोकांना ते इतकं आवडतं की ते त्याला हातच लावत नाहीत. चार-पाच वर्षं पूर्ण बंदी ठेवली की पवना, डोंगरी यांची जुनी वाळकी पाती एकावर एक साचतात, खालच्या बुटक्या फुलझाडांना ऊन मिळत नाही, आणि एका विडीच्या थोटकानं सगळं पेटतं. हिवरे बाजारनं चराईबंदी केली तेव्हा गवत सोडून दिलं नव्हतं. विळ्यानं कापून न्यायला मुभा होती. त्यांचा हेतू पाणी आणि चारा हा होता, तुमचा वेगळा आहे, पण विळ्याचं तत्त्व तेच. दरवर्षी बी पडून गेल्यावर, म्हणजे कार्तिकाच्या शेवटी-मार्गशीर्षात, जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा आणि पेंढ्या बांधून बाहेर न्या. कापून तिथंच टाकलं तर काही उपयोग नाही, सगळा कस परत मातीत. दरवर्षी एक पट्टा, साधारण पाचवा हिस्सा, न कापता ठेवा आणि तो पट्टा दरवर्षी बदला. किड्यांना, सापसुरळ्यांना, दबून बसणाऱ्या तितरांना तो लागतो.

जाळायचं का, हेही काही जण विचारतात. मी जाळत नाही. दरवर्षीच्या जाळण्यानं कुसळी शेफारते, आणि शेजाऱ्याची कडब्याची गंजी पेटली तर तुमचा माळ कायमचा गावच्या डोळ्यावर येईल. कापणीनंतर कडेनं सहा-सात हात रुंद जाळरेषा साफ ठेवा, पुरे.

मेंढ्यांचं आता. कुंपण नको म्हणालो त्याचं कारण दोन प्रकारचं. एक, चिंकारा, खोकड, लांडगा यांच्या वाटा तुमच्या बांधावरून जात असतील, आणि त्या अडवून तुम्ही माळ कसला करणार? दुसरं, तारेच्या कुंपणाशी धनगराचं भांडण होतं, माणसाशी बोलणं होतं. तुमच्या शिवारातून दरवर्षी कोणते कळप कधी जातात ते त्या वाटेकऱ्याला विचारा. कळपाच्या म्होरक्याला घरी बोलावून चहा पाजा. पावसाळ्यात येऊ नका, कापणी झाली की होळीपर्यंत दिवसा खुशाल चारा, हे बोलून ठरतं. मी ज्यांच्याबरोबर ठरवलं त्यातल्या बहुतेकांनी शब्द पाळला. न पाळणारेही भेटले, खोटं कशाला सांगू.

एकच अट सोडू नका: रात्री मेंढ्या बसवायच्या नाहीत. शेतात मेंढ्या बसवायला आपण पैसे मोजतो, माळावर बसवल्या तर तेवढा चौक दोन वर्षं माठ आणि गाजर गवतानं भरतो. शिवाय वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आलेल्या असतील तर लेंड्यांतून तिचं बी येतं, तेही पोटातून मऊ होऊन, उगवायला तयार. माझ्या एका प्लॉटवर धनगरांचा वाडा (मेंढ्यांचा तळ) एकदाच, दोन रात्री बसला होता. तिथली वेडी बाभूळ मी अजून खणतोय.

पाचशे झाडांचं. तुमच्या मनात कुठंतरी असं असणार की माळ म्हणजे जंगल तुटून उरलेली जागा. सातबाराही तसंच बोलतो, पड नाहीतर पोटखराब. सरकारी पडजमिनींच्या नकाशांतही असे माळ वर्षानुवर्षं पडीक म्हणूनच मोडले गेले. पण हा मुलूख मोकळाच होता. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी ओव्या, अभंग, चरित्रकथांमधले झाडाझुडपांचे उल्लेख वेचून दाखवलंय की पश्चिम महाराष्ट्राच्या या भागात साडेसातशे वर्षांपूर्वीही विरळ काटेरी झाडांचं गवताळ रानच होतं. तेव्हा बांधावर हिवर, बोर, हिंगण, तरवड असेल ते राखा, तेवढी सावली पुरते. माळाच्या मधे खड्डे खणून झाडं लावली की उकरलेल्या मुरमावर तण, झाडावर कावळा, आणि झाडाखाली जमिनीवर घरटं करणारा एकही चंडोल नाही. झाडं लावायची हौसच असेल तर बोअरजवळ आंब्याची चार लावा.

वर्षं किती, हा तुमचा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मागं ठेवला. गवताचं आच्छादन तीन ते पाच वर्षांत. पवना-मारवेल ठळक दिसायला लागणं, पाच ते आठ. चंडोल तर दुसऱ्याच वर्षी येतील, त्यांना मोकळी जमीन आवडते. सगळ्या जाती परत येणं मात्र वेगळं प्रकरण आहे. २०२० साली याच नेर्लेकरांनी जोसेफ वेल्डमन यांच्याबरोबर सहा खंडांतल्या ३१ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. एकदा मोडून पुन्हा उगवलेल्या गवताळ रानांत जुन्या, अखंड रानांपेक्षा ३७ टक्के कमी वनस्पती जाती निघाल्या, आणि ती तूट भरायला किमान शतक, सरासरीनं त्यांच्या अंदाजात १,४०० वर्षं. हा आकडा वाचून मी दोन दिवस गप्प होतो. मग कामाचा क्रम बदलला. आता कोणी जमीन दाखवायला बोलावलं की मी आधी विचारतो, शेजारी न नांगरलेला उतार आहे का, तो कोणाचा आहे आणि त्याचा सौदा चाललाय का. तुमच्या चार एकरांत खरपुडी तुमच्या हयातीत उगवेल असं मी सांगू शकत नाही. नर्सरीतून किंवा दुसऱ्या माळावरून कंद खणून आणून लावू नका, ते चोरीचं आणि बहुधा मरणारं. पण शेजारच्या उतारावर ती आज जिवंत असेल तर तो उतार जेसीबीखाली जाऊ नये यासाठी तुम्ही मालकाशी आजच बोलू शकता. तुमच्याकडं पैसे शिल्लक असतील तर कुंपणाऐवजी ते तिथं वापरा: त्याच्या गवताला दरवर्षी योग्य भाव द्या, म्हणजे त्याला ते मोडायची घाई होणार नाही.

मोजत राहा. पीव्हीसी पाइपची एक मीटरची चौकट करा, चार ठिकाणी दगडानं खूण करा, दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी त्याच जागी टाकून वेगवेगळी झाडं मोजा. नावं आली नाहीत तरी चालेल, 'केसाळ पानाचं', 'निळ्या फुलाचं' असं लिहा.

या दिवाळीला गेलात तर बांधावरच्या गवतांचे फोटो पाठवा. प्रत्येक गवताचे दोन: एक कणसाचा, एक पेराचा, जवळून. पेराच्या फोटोत बोट धरा, म्हणजे मापाचा अंदाज येईल. आणि पायात लोकरी मोजे घालून जाऊ नका.